तबकडीच्या प्रगतिपुस्तकाचं रसग्रहण

मराठी समीक्षेनं ओवीपासून जाहिरातीपर्यंत कुणाला म्हणून सोडलेलं नाही. राशिभविष्याला शैली असते, असं साधार सिद्ध करणारे समीक्षक मी पाहिले आहेत. लग्नपत्रिकेतल्या चिमुकल्यांच्या आग्रहात लोकवाङ्मयाचा झरा शोधणारेही पाहिले आहेत. पण घरोघरच्या संगणकात बसून, दिवाळी-दसऱ्याचीही सुट्टी न घेता जो एक लेखक सतत स्वतःविषयी लिहितो आहे, त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही. हा लेखक म्हणजे हार्ड डिस्क, आणि त्याच्या आत्मचरित्राचं नाव 'स्मार्ट रिपोर्ट'. आत्मचरित्राचे सगळे गुण त्यात आहेत. स्तुती आहे, आकडेवारी आहे, आणि मुख्य गोष्ट कुठंच सांगितलेली नाही.

हे पुस्तक माझ्याकडे अभिप्रायार्थ आलं ते नारायणगावहून. आमच्या दाजींनी घरी एक सर्व्हर ठेवला आहे. सर्व्हर म्हटल्यावर काही भव्य डोळ्यांसमोर आणू नका. देवघराशेजारच्या फडताळात, चार डिस्का पोटात घेऊन बसलेला एक पत्र्याचा डबा. त्यात घरातले फोटो, सात-बारे, मुलीच्या लग्नाचं चित्रीकरण आणि दाजींच्या वडिलांची कीर्तनं, कॅसेटींवरून उतरवून घेतलेली. पुढं कॅसेटींना बुरशी लागली, म्हातारेही गेले. आवाज उरला तो त्या डब्यात. पावसाळ्यात एकदा लाईट गेली, आली, आणि नेमकी कीर्तनांची डिस्क रुसली. टिक करायची, दम घ्यायची, पुन्हा टिक. कधी फिरायची, कधी नाही. एकदा फिरली तेवढ्यात दाजींच्या चिरंजीवांनी तिचा रिपोर्ट छापला आणि डबा बंद करून टाकला. तो कागद दाजींनी माझ्या हातात दिला. म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही पुस्तकांवर लिहिता ना? मग हे वाचा आन् सांगा, ही जगतीय का जातीय?"

आधी शीर्षक बघू. सेल्फ-मॉनिटरिंग, अ‍ॅनॅलिसिस अँड रिपोर्टिंग टेक्नॉलॉजी, म्हणजे स्वतःच स्वतःवर नजर ठेवून स्वतःच अहवाल देणं, याचं हे लघुरूप. आमच्या जुन्नर तालुक्यात स्मार्टचा आणखी एक अर्थ आहे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या गोविंद स्वरूप यांनी ज्या युक्तीनं हलक्या आणि स्वस्त करून दाखवल्या, तिचंही नाव स्मार्टच. तारदोरांवर ताणून बसवलेली जाळी, असा त्याचा अर्थ. त्या तबकड्यांना आकाशातली क्षीण कुजबुज ऐकू येते. फडताळातल्या तबकडीला स्वतःच्या पोटातली कळ कळत नाही.

पुस्तकाचा पहिला दोष रचनेचा. निकाल सुरुवातीलाच जाहीर केला आहे: 'पास्ड'. रहस्यकथेचा शेवट पहिल्या पानावर छापणारा लेखक एक तर नवखा असतो किंवा लबाड. इथं लबाडी असावी, कारण पुढची पानं त्या निकालाला धरून नाहीत.

आत एक तक्ता आहे. प्रत्येक ओळीला आजचे गुण, आजवरचे सर्वांत वाईट गुण आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा. हे गुण बहुधा शंभर किंवा दोनशेपासून सुरू होतात आणि डिस्क खराब होईल तसे उतरत जातात. शेवटच्या रकान्यात 'रॉ', म्हणजे कच्चा आकडा असतो. चुका मोजणारा असेल तर तो चढत जातो. म्हणजे एकाच ओळीत एक आकडा उतरला की वाईट आणि दुसरा चढला की वाईट. कशाला किती गुण द्यायचे, हे ज्या त्या कंपनीनं आपापलं ठरवायचं. आपल्या विद्यापीठांनासुद्धा इतकी स्वायत्तता नाही.

आपल्या कथानकाशी संबंध दोन ओळींचा. तिसऱ्या क्रमांकाची 'स्पिन अप टाइम', म्हणजे थांबलेल्या तबकडीला मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांच्या पूर्ण वेगावर यायला लागणारा वेळ. आणि दहाव्या क्रमांकाची 'स्पिन रिट्राय काउंट', म्हणजे पहिल्या झटक्यात जमलं नाही म्हणून पुन्हा किती वेळा प्रयत्न करावा लागला. इथं धडधाकट डिस्कचा कच्चा आकडा शून्य असतो. दाजींच्या कागदावर होता ७. सात वेळा मोटर उचलली नाही, तरी वर शेरा 'पास'!

दाजी मात्र घाबरले होते ते भलत्याच शब्दाला. 'स्पिन अप टाइम'पुढं 'प्री-फेल' असं लिहिलेलं होतं. त्यांना वाटलं, ही नापास होण्याच्या बेतात आहे. वास्तविक ही त्या ओळीची जात आहे. या ओळीचे गुण मर्यादेखाली गेले तर डिस्क लवकरच जाईल, एवढाच त्याचा अर्थ. तो शब्द कोऱ्या डिस्कच्या रिपोर्टातही असतो. दुसरी जात 'ओल्ड एज', म्हणजे म्हातारपण. गंमत अशी की 'स्पिन रिट्राय काउंट' काही कंपन्यांच्या डिस्कांवर 'प्री-फेल' असतो आणि काहींच्या डिस्कांवर 'ओल्ड एज'. एका वैद्याला जे मरणाचं लक्षण, ते दुसऱ्याला वय झाल्याचं. आणखी एक रकाना आहे, नापास कधी झालात असं विचारणारा. त्यात कधी कधी उत्तर येतं, 'इन द पास्ट'. भूतकाळात! यापलीकडं तो तपशील सांगत नाही. इतका संयम आपल्या आत्मचरित्रकारांना जमला असता तर कित्येक झाडं वाचली असती.

या लेखकावर किती विसंबावं याची एक मोठी समीक्षा २००७ साली झाली आहे. गूगलमधल्या तिघा संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्का तपासल्या. बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांवर धोक्याच्या चार महत्त्वाच्या नोंदींपैकी एकही नव्हती. म्हणजे निम्म्याहून जास्त लेखक मृत्यूची चाहूल न देताच गेले. आणि 'स्पिन रिट्राय'? अख्ख्या लाखात एकसुद्धा नोंद नाही. याचं कारण माझ्या मते सरळ आहे. तिथल्या डिस्का सतत फिरत्या, वीज अखंड. उठायचा प्रसंगच कमी. मग आमच्या नारायणगावच्या डिस्कला सातदा हा प्रसंग का यावा?

त्याचं उत्तर या पुस्तकात नाही. ते डब्यातल्या दुसऱ्या लेखकाकडं मिळालं. लिनक्स रोजनिशी लिहितो. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं: 'लिंक इज स्लो टु रिस्पॉन्ड, प्लीज बी पेशंट'. पलीकडून उत्तर यायला वेळ लागतोय, कृपया धीर धरा. एवढी अदब सरकारी खिडकीवर कुणी ऐकली आहे का? शिवाय रोजनिशीत तारीख-वेळ असते. दाजींच्या मुलाला ती काढायला लावली. प्रत्येक तक्रार लाईट गेल्यानंतर डबा पुन्हा सुरू होतानाची होती. एरवी चार-चार आठवडे सगळं शांत.

हे ऐकून उलगडा केला तो मंचरच्या एका मोटर भरणाऱ्यानं. तो दाजींची विहिरीवरची मोटर भरून घेऊन आला होता. त्याला 'स्मार्ट' ठाऊक नव्हतं. त्यानं एकच विचारलं, "अण्णा, चारी एकदम उचलत्यात का?"

जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न शेंबड्या पोरालाही कळतो. शेतीची थ्री फेज लाईट अजूनही पुष्कळ ठिकाणी ठरावीक तासच येते. ती आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी ऑटोवर एका दमात उठतात. थेट सुरू होणारी मोटर उठताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट ओढते. व्होल्टेज बसतं, मोटरी नुसत्या घुमतात, नाही तर डीपी जाते. म्हणून जाणता माणूस ऑटोला टायमर लावतो. तू आधी, मी मागून.

डिस्कच्या पोटातही मोटरच आहे. साडेतीन इंची डिस्क उठताना बारा व्होल्टवर साधारण दोन अँपिअर घेते, फिरू लागली की अर्ध्याच्या आसपास. चार डिस्का एकदम म्हणजे आठ अँपिअर, जवळजवळ शंभर वॅट. दाजींच्या डब्याचा अडॅप्टर होता ९० वॅटचा, तोही जुना झालेला. त्यातून तीन डिस्का एका फाट्यावर लटकवलेल्या. सगळ्यांत म्हातारी होती ती मागं राहिली आणि दोष तिच्या माथी आला. सासुरवाशिणीचं दुसरं काय होतं?

मग मी समीक्षक या नात्यानं पहिली सूचना केली. उरलेल्या तिन्ही काढा, हिला एकटीला दुसऱ्या चांगल्या पॉवर सप्लायवर, दुसऱ्या वायरीनं लावा. आणि फिरली तर रिपोर्ट काढत बसू नका, बंदही करू नका. आधी कीर्तनं दुसरीकडं उतरवा. मोटर चालू आहे तोवर हौद भरून घ्यायचा, हे दाजींना सांगावं लागलं नाही. डिस्क दुसऱ्या टिकेला उठली. उतरवून व्हायला संध्याकाळ झाली. तोवर कुणी फडताळाजवळ मोठ्यानं बोलत नव्हतं. शेवटी एक फाईल उघडून पाहिली. म्हाताऱ्यांचा आवाज आला, आणि दाजी उठून अंगणात गेले.

पुढचं सोपं होतं. मोठा सप्लाय, प्रत्येक डिस्कला नीट वायर, आणि डिस्का एकामागून एक उठवण्याची सोय असेल तर ती चालू. दर वीस मिनिटांनी डिस्क झोपवायची सवय बंद, कारण प्रत्येक झोपेनंतर पुन्हा उठणं आलंच. एक्स्टर्नल डब्यातून काढलेली नवी डिस्क मुळीच फिरत नसेल तर तिच्या पॉवरच्या तिसऱ्या पिनवर शंका घ्यावी. नव्या नियमानं तिथं ३.३ व्होल्ट आले की डिस्क मुद्दाम गप्प बसते. ती पिन उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीनं झाकली की बोलू लागते. चांगल्या सप्लायवरही जी डिस्क नुसती घुमते किंवा पिप्पिप् करते, तिच्यावर घरगुती उपाय करू नयेत. ठोकू नये, फ्रीजमध्ये ठेवू नये, झाकण तर उघडूच नये. आत वाचणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगतं. त्याच्या दृष्टीनं धुळीचा कण म्हणजे शिवनेरी.

सारांश, 'स्मार्ट रिपोर्ट' हे पुस्तक संग्राह्य आहे, विश्वासार्ह नाही. त्यातली स्तुती वगळावी, कच्चा आकडा वाचावा, आणि तो शून्याच्या वर दिसला की कारण आधी डिस्कच्या बाहेर शोधावं. पण ते शोधण्याआधी नक्कल काढावी. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख दगडात कोरलेला आहे. त्याला मोटर नाही, अडॅप्टर नाही, दोन हजार वर्षं तो दानाचे आकडे सांगतो आहे. तरी त्याचीही अक्षरं झिजलीच. विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात त्याच्या नकला करून छापल्या, म्हणून तो आपण घरबसल्या वाचतो. दगडाला जे चुकलं नाही ते पत्र्याच्या डब्याला कसं चुकणार?