अजब बंगल्याची यादी कोणी केली?

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला शहरात त्या नावाने फारसं कुणी ओळखत नाही. ऑटोवाल्याला ‘अजब बंगला’ सांगा, बरोबर नेऊन सोडेल. पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करत असाल तर एक दुपार तिथे काढाच, पण शाळेच्या सहलीसारखी नको.

पेंढा भरलेले प्राणी, खडक, शिल्पं, शस्त्रं, आदिवासींच्या वस्तू, सगळं एकाच छताखाली. याला खिचडी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. हे एक वर्गीकरण आहे, आणि वर्गीकरण कोणीतरी कशासाठी तरी केलेलं असतं. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत तयार केला, १८६३ मध्ये हे संग्रहालय आलं. नव्या मुलखात काय काय आहे याची सरकारी मोजदादच म्हणा ना!

त्याच काळातले स्टीफन हिस्लॉप (हो, हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच) मिशनरी होते. पण नागपूर परिसरातले जीवाश्म गोळा करायचे आणि गोंडांची गाणीही टिपून ठेवायचे. १८६३ मध्येच टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ते ओढ्यात बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापले. एका माणसाच्या कुतूहलात दगड आणि गाणी शेजारी बसू शकतात. संग्रहालयात मात्र तसं झालं की वाघ आणि गोंड दोघेही ‘नमुने’ होतात. माझा आक्षेप इथे आहे. वाघ काही तिकीट काढून स्वतःचं दालन बघायला येत नाही. गोंड मुलगी येऊ शकते. तिच्या घरातल्या वस्तूची ओळख कोणाच्या शब्दांत लिहायची, हे ठरवताना तिला विचारायला नको?

आता गुंगेरियाचं बघा. बालाघाटकडच्या या गावात १८७० मध्ये तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे सापडले. काही पत्रे गोल, काही शिंगं असलेल्या बैलाच्या डोक्यासारखे. पुढे हा साठा वाटला गेला. काही भाग नागपूरला, काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. एकट्या कुऱ्हाडीवरून धातू कळेल, घडण कळेल. पण कुऱ्हाडींसोबत चांदी का पुरली, हा खरा प्रश्न त्या एकत्र असण्यातच होता. म्हणजे सॅम्पल हातात राहिलं आणि संदर्भ विखुरला. उद्या तुम्ही प्रपोजलमध्ये ‘उपलब्ध डेटा वापरला’ असं एका ओळीत उरकाल, तेव्हा गाइड नेमकं इथेच बोट ठेवतील.

तर, सगळी दालनं पळत पालथी घालू नका. एका वस्तूसमोर पंधरा मिनिटं थांबा. कुठून आली, कधी, कोणी आणली, सोबत आणखी काय होतं, हे वहीत लिहा. लेबलवर नसेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा, लाजू नका. आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं.