परांची न पुसणारा चित्रकार

मुलांसाठी वास्तूंविषयी लिहिलेली बहुतेक पुस्तके वास्तू पुरी झाल्यावर सुरू होतात. कोणी बांधली, केव्हा बांधली, उंची किती, एवढे सांगितले की लेखक मोकळा. (आमच्या कार्यालयातील टिपणेही याच जातीची असतात, म्हणून हा दोष मला चटकन दिसतो.) डेव्हिड मॅकॉले यांचे १९७३ साली निघालेले 'कॅथीड्रल' मात्र पायाच्याही आधीपासून आरंभ करते.

शुत्रो हे फ्रान्समधील काल्पनिक नगर. तेथील प्रार्थनामंदिराचे काम १२५२ मध्ये सुरू होते आणि १३३८ मध्ये संपते. पायाचा खड्डा पाहणारा माणूस शिखर पाहत नाही, ही गोष्ट कोठेही गहिवर न आणता मुलाच्या ध्यानात येते. मध्येच पैसा संपतो आणि काम थांबते; तेही त्याला कळते, आणि आम्हां नोकरदारांच्या मुलांना तर विशेष लवकर कळते.

मॅकॉले वास्तुकला शिकलेले आहेत. परंतु त्यांचा खरा गुण असा की, जे पुढे नाहीसे होणार तेच ते मन लावून रेखाटतात. परांची, दगड वर चढविणारे मोठे चाक व त्यात चालणारी माणसे, कमानीखालचा लाकडी सांगाडा. निव्वळ काळ्या रेघांत हे सारे उभे राहते. तो सांगाडा काढून घेतल्यावर कमान का टिकते, हा प्रश्न मग मूल आपण होऊन विचारते.

येथेच पुस्तक थोडे उणे पडते. दगडाचे वजन चित्रात दिसते, पण त्याचा बाहेरच्या बाजूस होणारा रेटा दिसत नाही. भिंतीबाहेरचे कमानदार टेकू शोभेचे नव्हेत, एवढे लेखक सांगतो. पटवून देणे मात्र पालकावर येते. मी दोन जाड पुस्तके छपरासारखी एकमेकांना टेकवून गुळगुळीत मेजावर ठेवली. ती घसरली. बाजूंना दोन जड ग्रंथ लावताच उभी राहिली. आठ वर्षांचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, म्हणजे हे धिरे!" कोशात शोधूनही मला न सापडलेला शब्द त्याने आजोळी ऐकून ठेवला होता.

पुढच्या रविवारी आम्ही मेहरौलीस गेलो. कुतुबमिनाराजवळच्या मशिदीच्या ११९९ च्या दर्शनी भिंतीतील कमानी दिसायला कमानीच, पण दगडांचे आडवे थर एकावर एक पुढे काढून त्या साधल्या आहेत. काही पावलांवर १३११ चा अलाई दरवाजा. तेथे पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना दाबून धरतात. पूर्वी हे दोन्ही मी तीनदा पाहिले होते, म्हणजे पाहिले नव्हते. चिरंजीवांनी फरक बोटाने दाखविला आणि माथ्यावरचा दगड कोणता, हेही विचारून घेतले.

असे पुस्तक आपल्या वाड्यावर मराठीत माझ्या पाहण्यात नाही. दगडी जोते, खांब, तुळया, मातीचे धाबे, आणि घराचे माप सांगणारे ते खण. चित्रकाराला याहून अधिक काय हवे? परतताना बसमध्ये मुलाने विचारले, "आजोबांच्या घराची ती मोठी तुळई वर कशी चढवली?" मला सांगता आले नाही. वडिलांना पत्र लिहिले आहे.