हस्तरची गाळलेली सहा वर्षे

नागझिराचे जंगल आज भंडारा आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांच्या नावाने सांगितले जाते. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. त्याआधी १९९३ मध्ये, नागझिरा आमच्या भंडाऱ्याचेच असताना, तिथे आलेल्या एका मुलाला त्याच्या मित्राने नारायण धारपांची एक कथा ऐकवली. मुलगा हादरला, आणि ती भीती त्याने जपून ठेवली. त्याचे नाव राही अनिल बर्वे. पंचवीस वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, त्या भीतीचा ‘तुंबाड’ झाला.

चित्रपटातले गाव कोकणातले, पाऊस कोकणातला, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देणारे. पण त्याचे बीज झाडीपट्टीत पडले, याचा मला उगाचच अभिमान वाटत आला आहे. हा लेख त्या अभिमानापोटी नाही. गेल्या वर्षी मला एका खेळासाठी कथानक हवे होते. महायुद्धाचा काळ आणि मंत्रतंत्र यांचे मिश्रण असलेले. ते शोधताना ‘तुंबाड’ पुन्हा पाहिला आणि त्यात एक भगदाड दिसले.

आधी खेळाविषयी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एक पात्र असते, त्याचे गुणदोष कागदावर लिहिलेले. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र काय करते ते सांगतात, आणि जिथे शंका असेल तिथे फासे टाकतात. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. दंडार पाहत वाढलेल्या माणसाला हे समजायला पाच मिनिटेही लागत नाहीत, कारण तिथेही अर्धे संवाद उभ्या उभ्याच सुचतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तेव्हापासून हा प्रकार छापील पुस्तकांतून जगभर गेला. त्यामागे पुतळ्यांच्या लढायांचा जुना छंद होता, आणि त्याच्याही मागे प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी वापरला जाणारा एकोणिसाव्या शतकातला युद्धखेळ. गायगॅक्सच्या १९७१ च्या लढाईच्या नियमपुस्तकाला शेवटी जादूगार आणि राक्षसांचे पुरवणी प्रकरण जोडले होते. त्या पुरवणीतूनच पुढचे सगळे वाढले. युद्ध आणि मंत्र यांची गाठ या खेळाच्या जन्मातलीच आहे.

त्यामुळे महायुद्ध आणि अघोरी शक्ती या मिश्रणाची तयार कथानके परदेशात ढिगाने मिळतात. मी त्यातली बरीच चाळली. साचा बहुतेक एकच: नाझी अधिकारी कुठले तरी प्राचीन अवशेष शोधत आहेत आणि नायकांनी ते आधी गाठायचे. याला थोडा खरा आधार आहे. हिमलरच्या आश्रयाने १९३५ मध्ये ‘आननेर्बे’ ही संस्था निघाली, आणि अर्न्स्ट शेफरची जर्मन मोहीम १९३८-३९ मध्ये कलकत्ता, सिक्कीम असे करत ल्हासापर्यंत गेली. पण एवढ्याशा आधारावर रचलेल्या कथानकांचा मला कंटाळा आला, आणि मग रागही. छळछावण्यांच्या कारकुनांनी रेल्वेची वेळापत्रके भरून जे केले, ते कुण्या भुताने करवून घेतले असे म्हटले की कारकून सुटतो. भूत इथे भीती वाढवत नाही, कमी करते.

युद्धातला खरा गूढवाद मला दुसरीकडे सापडला. १९४४ साली इंग्लंडमध्ये हेलन डंकन या बाईला १७३५ च्या चेटूकविषयक कायद्याखाली तुरुंगात टाकले. ती मृतात्मे बोलावते असे सांगे. नौदलाने लपवून ठेवलेल्या एका बुडालेल्या युद्धनौकेवरचा खलाशी तिच्या बैठकीत आला, असा बोभाटा झाला होता. सरकारचा आत्म्यांवर विश्वास नव्हता. त्याला धास्ती बातमी फुटण्याची होती. पुढे १९५० च्या सुमारास फिलिपाइन्समध्ये बंडखोरांना हुसकावण्यासाठी एडवर्ड लान्सडेल या अमेरिकन अधिकाऱ्याने गावकऱ्यांच्या रक्तपिपासू पिशाचाच्या समजुतीचा वापर केला. एका बंडखोराला पकडून, गळ्यावर दोन भोके पाडून, रक्त काढून टाकलेले प्रेत वाटेत ठेवले. हे त्याने स्वतःच आठवणींत लिहून ठेवले आहे. दोन्हीकडे भूत दुबळ्यांच्या मनात आणि त्याची दोरी सत्तेच्या हातात. असे कथानक मला हवे होते, आणि ते आपल्या मातीतले हवे होते.

आता ‘तुंबाड’. त्याची तीन प्रकरणे आहेत: १९१८, त्यानंतर पंधरा वर्षांनी, म्हणजे १९३३, आणि १९४७. पहिले प्रकरण एका महायुद्धाच्या अखेरीचे. दुसरे महायुद्ध दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणांच्या मधल्या फटीत पूर्ण गडप झाले आहे. चित्रपटाने सगळेच दाखवावे असा माझा हट्ट नाही. पण या चित्रपटाने नेमकी हीच वर्षे गाळावीत, हे चुकल्यासारखे वाटते. कारण त्याची मूळ पुराणकथाच त्या वर्षांची आहे.

कथा आठवून पाहा. पूर्तीच्या देवीचा लाडका पहिला मुलगा हस्तर. त्याला तिचे सगळे सोने हवे आणि सगळे धान्यही. सोने त्याने घेतले. धान्याला हात घालताच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला पोटात घेऊन वाचवले, पण सोने मिळाले तरी अन्न कधी मिळणार नाही, असा तो अर्धा शाप. म्हणून तो भुकेला आहे, आणि कणकेची बाहुली दाखवली की धावून येतो.

सोने मुबलक, धान्य नाही. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथला तांदूळ यायचा बंद झाला. १९४३ मध्ये बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे मेली. शहरांत शिधापत्रिका आल्या, काळा बाजार हा शब्द घरोघरी गेला. कोठारे भरलेली आणि पोटे रिकामी, ही स्थिती ज्याने पाहिली त्याला हस्तर कोण हे समजावून सांगावे लागले नसते. चित्रपट मात्र लोभाला एका घराण्याचा, बापाकडून मुलाकडे जाणारा रोग करतो. विनायकरावाचा लोभ त्याचा एकट्याचा आहे, म्हणून शेवटी मुलाने नाही म्हटले की प्रश्न मिटतो. साठेबाजाचा लोभ असा मिटत नाही. त्याला गिऱ्हाईक लागते, परवाना लागतो, डोळेझाक करणारा अधिकारी लागतो. दुसऱ्या प्रकरणातल्या सावकाराच्या अफूच्या परवान्यात याची चुणूक दिसते, आणि चित्रपट ती तिथेच सोडून देतो. देखणेपणात त्याला तोड नाही, हे मान्य करूनच मी हे म्हणतो.

हस्तर या नावाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. अमेरिकन लेखक अँब्रोज बीअर्सच्या कथेत हस्टर हा मेंढपाळांचा दयाळू देव. १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्सने ते नाव उचलले, पुढे लव्हक्राफ्टने. या प्रवासात देवाचा राक्षस झाला. स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेत एक मुलगा मरणपंथाला लागलेल्या आजीबरोबर घरात एकटा अडकतो. तिथेही ते नाव येते. धारपांनी किंग मराठीत रुजवला, ‘लुचाई’ हे त्याचे ठळक उदाहरण. ‘आजी’ ही त्यांची कथा याच ‘ग्रॅमा’च्या वाटेची, आणि नागझिरात सांगितली गेली ती हीच. १९८१ पासून निघणाऱ्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ या खेळाच्या पुस्तकांतही हस्टर आहे. म्हणजे मी ज्या खेळासाठी कथानक शोधत होतो, त्यातलाच राक्षस फिरत फिरत माझ्या जिल्ह्यात येऊन गेला होता. उसने घेतले म्हणून धारपांना नाक मुरडणारे समीक्षक मला भेटतात. मला वाटते, उसन्या भुताला त्यांनी मराठी घराचा ओटा आणि माजघर दिले, हे काही थोडके नाही.

तेव्हा मी ठरवले की गाळलेली सहा वर्षे आपण खेळायची. स्थळ तुमसर आणि आसपास, काळ १९४२-४३.

सामग्रीला तोटा नव्हता. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी. मँगनीजशिवाय पोलाद नाही आणि पोलादाशिवाय युद्ध नाही. तुमसरची तांदळाची बाजारपेठ. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तिथे झालेला गोळीबार. शेजारी चिमूर आणि आष्टी पेटलेले, तुकडोजी महाराज अटकेत, आणि निर्जीव वस्तूच लढायला उठतील असे बजावणारे त्यांचे भजन लोकांच्या तोंडी. आंबागडचा किल्ला तर आयताच. बख्त बुलंदच्या काळात राजाखान पठाणाने बांधलेला, पुढे भोसल्यांचा तुरुंग. कैद्यांना आतल्या विहिरीचे विषारी पाणी प्यायला लावून मारत, अशी त्याची ख्याती गॅझेटियरपर्यंत पोचलेली. याखेरीज मँगनीजच्या धुळीने होणारा आजार. स्कॉटलंडमध्ये १८३७ सालीच त्याची नोंद झाली आहे: हातपाय कापतात, चाल बिघडते, चेहरा मुखवट्यासारखा थिजतो. डॉक्टर नसलेल्या गावात अशा माणसाकडे पाहून लोक काय म्हणतील, हे सांगायला नको. मी खूश होतो. माझ्या कथानकात खाणीतून असे थिजलेल्या चेहऱ्याचे मजूर घरी येत होते.

पहिल्या दोन बैठका रंगल्या. तिसऱ्या बैठकीत पात्रे एका गावात पोचली आणि एका खेळाडूने, माझ्याच पुतण्याने, सरळ विचारले, “काका, गावात करणी करणारी कोण आहे? तिला पकडू.” फासे त्याच्या बाजूने पडले. मी, सूत्रधार म्हणून, गावाच्या टोकाला राहणारी एक विधवा म्हातारी उभी केली. सुचायला एक क्षणही लागला नाही. आज मला लाज वाटते ती त्या एका क्षणाची.

आमच्यातली एक जण शाळेत शिकवते. तिने फासे टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “दादा, मी नाई खेळत आता.” मग थोड्या वेळाने तिने सांगितले की तिच्या आजीला गावाने असेच ठरवले होते. दोन गुरे मेली होती, एक लेकरू तापाने गेले होते. आजीला गाव सोडावे लागले. तिच्या घरात ही गोष्ट आजही मोठ्याने बोलत नाहीत.

हे काही जुन्या काळापुरते नाही. नागपुरात १९८२ पासून अंधश्रद्धा निर्मूलनाचे संघटित काम सुरू आहे. २०१३ मध्ये डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रात जो कायदा झाला, त्यात एखादी व्यक्ती करणी करते असा संशय पसरवणे हाही गुन्हा आहे. शेजारच्या छत्तीसगडने तर ‘टोनही’ ठरवून छळण्याविरुद्ध २००५ मध्येच वेगळा कायदा केला. परदेशी पुस्तकातला नाझी मांत्रिक आमच्या कुणाच्या घरात राहत नाही. करणीवाली म्हातारी राहते, किंवा तिला हाकलणारे तरी राहतात. माझ्या रागाचे काय झाले होते पाहा: नाझी कारकुनाला भुताआड लपवू नये म्हणणाऱ्या मीच खाणमालकाची धूळ एका विधवेच्या अंगावर झटकली होती.

पुतण्याचे म्हणणे असे की भीतीच काढली तर खेळात उरले काय. प्रश्न योग्य आहे, आणि ‘तुंबाड’कडे परत गेल्यावर त्याचे उत्तर मिळाले. त्या चित्रपटात हस्तर शोधावा लागत नाही, आरोप करून सिद्ध करावा लागत नाही. तो वाड्यातच आहे, वाडा ज्यांचा त्यांना पक्का ठाऊक आहे, आणि त्याच्यामुळे श्रीमंत होतात तेही तेच. बाहेरच्या कुणावर बोट रोखायची सोयच कथेने ठेवलेली नाही. हे तिचे मोठे बळ, आणि मी लोभाबद्दल जी तक्रार केली तिच्याइतकेच ते खरे आहे. म्हणून आम्ही नियम बदलला. आमच्या खेळात मंत्र फक्त त्याच्याच हातून चालतो ज्याच्याकडे कोठाराची किल्ली आहे. गावातली करणी ही अफवा आहे. अफवेने माणूस मरू शकतो, पण तिने कुणाचे भले किंवा वाईट करण्याचा फासा नाही. मजुरांची थरथर हा आजार आहे, आणि तो कंपनीच्या वहीत नोंदवला गेला की नाही, हे पात्रांनी शोधायचे आहे.

शिक्षिका परत आली. मंडईनंतरच्या बैठकांना सूत्रधार तीच असणार आहे. आल्या आल्या तिने काढलेला मुद्दा मला सुचला नव्हता: आपला जिल्हा भाताचा, त्यात १९४३ साल, हस्तरला दाखवायला कणकेची बाहुली करायची तर गहू कुठून आणणार? मग एका रविवारी तिच्या स्वयंपाकघरात आम्ही तांदळाच्या उकडीची बाहुली करून पाहिली. गरम असताना हाताला चटके देते, पण चांगली आकार घेते. निवली की आधी मानेला तडा जातो, मग हात गळतात. आमची बाहुली वीस मिनिटे टिकली. खेळात तेवढाच वेळ द्यायचा, घड्याळ लावून, असे ठरले आहे.