यंत्र झोपेतून उठत नाही तेव्हा : लिनक्समधील तीन दोषनिदान-संहितांची चिकित्सा

प्रस्तावना

तांत्रिक लेखनाकडे साहित्यसमीक्षेने क्वचितच लक्ष दिले आहे. उपयोगापुरते वाचावे आणि काम झाले की बाजूला ठेवावे, अशीच या लेखनाकडे पाहण्याची रूढ दृष्टी आहे. परंतु जे लेखन वाचून माणूस प्रत्यक्ष कृती करतो आणि ज्या लेखनातील एका वाक्याचे स्थान चुकल्यास वाचकाचे नुकसान होते, त्या लेखनाची रचना, त्यातील निवेदक आणि त्याने गृहीत धरलेला वाचक यांचा विचार समीक्षेने करणे आवश्यक ठरते. मराठीत 'चिकित्सा' हा शब्द ग्रंथाचे परीक्षण आणि रोगावरील उपचार अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. दोषनिदानाच्या संहितेची चिकित्सा करताना हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

प्रस्तुत लेखात लिनक्सच्या कर्नलसोबत वितरित होणाऱ्या दस्तऐवजांपैकी तीन संहितांचा विचार केला आहे. पहिली, लिनस टोर्वाल्ड्स आणि पावेल माखेक यांच्या नावे असलेली २००६ ची 'एसटूरॅम' ही टिपणवजा संहिता. दुसरी, राफाएल विसोत्स्की यांची २००७ ची 'बेसिक पीएम डीबगिंग'. तिसरी, त्यांचीच २०१७ ची 'सिस्टिम स्लीप स्टेट्स'. तिन्हींचा विषय एकच आहे : संगणकाची, विशेषतः लॅपटॉपची, झोप आणि जाग. झाकण मिटले की यंत्राने झोपावे आणि उघडले की कामाच्या त्याच बिंदूवर परत यावे, एवढीच वापरकर्त्याची अपेक्षा असते. ती पूर्ण होण्यासाठी मात्र कर्नल, प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर आणि मदरबोर्डवरील फर्मवेअर या तिघांचे एकमत व्हावे लागते. म्हणूनच हा दोष लिनक्सवरील लॅपटॉपच्या दोषांमध्ये सर्वांत चिवट मानला जातो.

दोषाचे स्वरूप आणि निदानाची अडचण

झोपेच्या दोषाचे वैशिष्ट्य असे की, दोष घडतो त्या क्षणी साक्षीदार उरत नाही. पडदा काळा असतो, कळफलक प्रतिसाद देत नाही आणि डिस्क अद्याप जागी झालेली नसल्याने नोंदही लिहिली जात नाही. कर्नल आपले संदेश स्मृतीतील एका वर्तुळाकार साठ्यात ठेवतो आणि 'डीमेसेज' या आज्ञेने ते वाचता येतात. परंतु वीज तोडून यंत्र पुन्हा सुरू केले की तो साठा पुसला जातो. वाचकाजवळ केवळ एक बंद पडलेले यंत्र असते.

यात फर्मवेअरची भर पडते. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये जाहीर केलेल्या 'एसीपीआय' या मानकानुसार यंत्राचा निर्माता वीजव्यवस्थापनाच्या कृती फर्मवेअरमध्येच एका सांकेतिक भाषेत लिहून ठेवतो आणि कर्नल त्या चालवतो. समोर कोणती प्रणाली आहे हे फर्मवेअरला विचारता येते. अनेक निर्मात्यांनी आपली यंत्रे विंडोजवरच तपासलेली असल्याने लिनक्स विंडोजच्या आवृत्त्यांच्या नावांना होकार देतो. स्वतःच्या नावाला होकार देणे मात्र त्याने २००७ पासून सर्वसाधारणपणे थांबवले, कारण ती वाट निर्मात्यांनी तपासलेलीच नसते. निदान करणाऱ्याला अशा प्रकारे दुसऱ्यासाठी लिहिलेली संहिता वाचावी लागते.

'एसटूरॅम' : पत्राची ऊब आणि पत्राची मर्यादा

पहिली संहिता दस्तऐवजापेक्षा पत्राच्या जवळची आहे. तिच्यातील निवेदक प्रथमपुरुषी आहे. तो स्वतःच्या यंत्रांविषयी बोलतो, एका सहकाऱ्याशी झालेल्या मतभेदाचा ओझरता उल्लेख करतो, आणि दोष बहुतेक वेळा ड्रायव्हरचाच असतो हे अनुभवाच्या बळावर सांगतो. त्याने दिलेले उदाहरणही स्वतःच्याच लॅपटॉपचे आहे. त्या यंत्राच्या ग्राफिक्स चिपसाठीचा एक ड्रायव्हर जागे होताना अडकत असे. तो न वापरता साधा कन्सोल ठेवून चिप जागी करण्याचे काम एक्स विंडो प्रणालीवर सोपवले की यंत्र व्यवस्थित उठे. कर्नलचा मूळ कर्ताही याच दोषाशी झगडतो, हे कळल्याने वाचकाला धीर येतो. औपचारिक नियमावलीला हा परिणाम साधता आला नसता.

या संहितेच्या केंद्रस्थानी असलेली कल्पना असामान्य आहे. यंत्र जागे होत असताना, पुन्हा सुरू केल्यावरही टिकून राहील अशी नोंद करण्यासाठी खात्रीने उपलब्ध असते ते एकच ठिकाण : बॅटरीवर चालणारे घड्याळ. म्हणून 'पीएम ट्रेस' ही सोय प्रत्येक टप्प्याचा एक आकडा त्या घड्याळात लिहिते. यंत्र अडकले की ते बंद करून लगेच पुन्हा सुरू करावे. नवा कर्नल घड्याळातील आकडा वाचून शेवटचा टप्पा कोणत्या उपकरणाचा होता हे संदेशांत दाखवतो. त्या उपकरणाच्या क्रमांकावरून 'एलएसपीसीआय' या आज्ञेने त्याची ओळख पटते. मरण पावलेल्या साक्षीदाराच्या मुठीत चिठ्ठी सापडावी, तशी ही युक्ती आहे.

परंतु या युक्तीची किंमत आहे. घड्याळात तारखेऐवजी सांकेतिक आकडा बसतो. यंत्र नीट जागे झाले तरीही तारीख चुकलेलीच राहते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे मुदतबाह्य किंवा अकाली ठरतात, आणि नव्या फायलींवर भलत्याच वर्षाचा शिक्का बसतो. संहिता हा परिणाम लपवत नाही. घड्याळ बाहेरच्या स्रोताशी जुळवून घ्यावे, असेही ती सांगते. आक्षेप आहे तो या सूचनेच्या स्थानावर. आज्ञा आधी येतात, उदाहरण मग येते आणि इशारा त्यानंतर येतो. क्रमाने वाचत क्रमाने कृती करणारा वाचक परिणामाला आधी आणि इशाऱ्याला नंतर भेटतो. पत्रात 'ताजा कलम' शोभून दिसतो; औषधाच्या बाटलीवर मात्र तो चालत नाही. त्याचप्रमाणे, ड्रायव्हरमध्ये स्वतः खुणा घालून तो पुन्हा कंपाइल करण्याचा पर्याय ही संहिता सहजपणे सुचवते. तेथे तिचा खरा वाचक दुसरा विकासकच आहे हे उघड होते.

'बेसिक पीएम डीबगिंग' : क्रमाचे सामर्थ्य

दुसऱ्या संहितेत निवेदक जवळजवळ अदृश्य आहे. तिचे सामर्थ्य क्रमात आहे. झोपेची प्रक्रिया पाच पायऱ्यांत विभागून प्रत्येक पायरीवरून परत फिरण्याची सोय ती वापरते. पहिल्या पायरीत केवळ चालू प्रक्रिया गोठवल्या जातात. दुसरीत त्याबरोबर उपकरणे झोपवली जातात. तिसरीत फर्मवेअरच्या कृतींची, चौथीत दुय्यम प्रोसेसर बंद करण्याची आणि पाचवीत प्रणालीच्या गाभ्यातील उपकरणांची भर पडते. प्रत्येक चाचणीत यंत्र त्या पायरीपर्यंत जाते, पूर्वनियोजित पाच सेकंद थांबते आणि परत येते. चौथी पायरी यशस्वी आणि पाचवी अयशस्वी झाल्यास दोष कोठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

येथे सुतावरून स्वर्ग गाठण्याला वाव नाही. संहिता प्रत्येक निकालाचा अर्थ सांगते आणि त्या अर्थापलीकडे जात नाही. उपकरणांच्या पायरीवर दोष आढळल्यास ती निम्मे ड्रायव्हर काढून चाचणी घेण्यास सांगते. दोष कायम राहिल्यास उरलेल्यांतील निम्मे काढावेत, नाहीसा झाल्यास काढलेल्यांपैकी निम्मे परत घालावेत. ६४ ड्रायव्हर असतील, तर अशा ६ फेऱ्यांत एकच उरतो. अंदाजाने एकेक ड्रायव्हर काढत बसण्याच्या तुलनेत ही फार मोठी बचत आहे. मात्र हा हिशोब दोषी एकच असेल आणि ड्रायव्हर परस्परांपासून स्वतंत्र असतील, तरच तंतोतंत खरा ठरतो. दोषी अनेक असू शकतात हे संहिता मान्य करते. ड्रायव्हरांच्या परस्परावलंबनाचा प्रश्न मात्र ती वाचकावर सोडते. डिस्कचा ड्रायव्हर काढल्यास यंत्रच चालणार नाही, हे नवख्या वाचकाला येथे कळत नाही.

या संहितेची नैतिक बाजूही लक्षणीय आहे. दोषी ड्रायव्हर सापडला की झोपण्यापूर्वी तो काढून टाकावा, हा तात्पुरता उपाय ती देते. पण दोष कळवावा, ही विनंती सोबत असतेच. एकदा यश आले म्हणून थांबू नये, कारण काही दोष दुसऱ्या झोपेतच प्रकट होतात, असेही ती बजावते. स्वतःचे काम भागल्यावर निघून जाणारा वाचक तिला अभिप्रेत नाही. वाचकाला ती अशा रीतीने तपासाच्या कामात सहभागी करून घेते.

तिच्या मांडणीत एक उणीव मात्र आहे. विवेचनाचा मुख्य भाग हायबरनेशनला, म्हणजे स्मृतीतील सारे डिस्कवर लिहून यंत्र बंद करण्याच्या प्रकाराला, वाहिलेला आहे. साध्या झोपेचे प्रकरण त्यानंतर येते आणि मागील विवेचनाचा आधार घेते. झाकण मिटून प्रवासाला निघणाऱ्या वाचकाला आधी दुसऱ्याच रोगाचे प्रकरण वाचावे लागते.

'सिस्टिम स्लीप स्टेट्स' आणि दोषाचे बदललेले रूप

तिसऱ्या संहितेत निदान नाही, व्याख्या आहेत. झोपेचे प्रकार, त्या प्रत्येकात काय चालू राहते आणि काय थांबते, हे ती नेमकेपणाने सांगते. २०१७ च्या ४.१० या कर्नलपासून 'मेम स्लीप' नावाच्या फाइलमध्ये उपलब्ध प्रकार वाचता येतात आणि निवडलेला प्रकार चौकोनी कंसात दिसतो. त्यांपैकी 'एसटूआयडल' हा हलका प्रकार आणि 'डीप' हा खोल प्रकार येथे महत्त्वाचा आहे.

हा फरक केवळ परिभाषेचा नाही. विंडोजने २०१२ पासून 'कनेक्टेड स्टँडबाय' आणि पुढे 'मॉडर्न स्टँडबाय' ही पद्धत आणल्यानंतर अनेक नव्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमधून खोल झोपेचा प्रकारच गळाला. अशा यंत्रात हलकी झोप हाच मार्ग उरतो. त्यात प्रोसेसर आणि सर्व उपकरणे आपापल्या ठिकाणी खरोखर विसावली, तरच वीज वाचते. एखादे जागे राहिले तर बॅटरी सांडत राहते. यंत्र उठते, पडदा उजळतो, कोणताही दोष-संदेश येत नाही. फक्त रात्री भरलेली बॅटरी सकाळी रिकामी असते.

२००६ आणि २००७ च्या संहितांना हा दोष ओळखता येत नाही. त्यांच्या लेखी अपयश म्हणजे न उठणे. येथे अपयश म्हणजे न झोपणे. पाचही पायऱ्या यशस्वी होऊनही यंत्र रात्रभर जागे राहू शकते. याचे मोजमाप करण्यासाठी २०२३ पासून कर्नलमध्ये मागील झोपेत प्रत्यक्ष हार्डवेअर-विश्रांतीत गेलेला काळ मायक्रोसेकंदांत दाखवणारी नोंद उपलब्ध आहे. ८ तास मिटलेल्या आणि ही नोंद पुरवणाऱ्या यंत्रात तो आकडा २,८८० कोटींच्या जवळपास असावयास हवा. तो शून्य असेल, तर यंत्राने केवळ डोळे मिटले होते असा त्याचा अर्थ होतो. जुन्या संहितांची पद्धत अजूनही उपयुक्त आहे, पण ती पूर्ण राहिलेली नाही. व्याख्या एका संहितेत, पद्धत दुसरीत आणि मोजमाप तिसरीकडे, अशी ही विभागणी वाचकानेच जोडून घ्यावी लागते.

मराठी वाचकाचा प्रश्न

लिनक्सवरील अनेक डेस्कटॉप मराठीत वापरता येतात. मेनू, सूचना आणि फायलींच्या खिडक्या मराठीत दिसतात. यंत्र सुरळीत चालते तोवर ते मराठी बोलते. बिघडले की इंग्रजी बोलू लागते. कर्नलचे संदेश कोणत्याही भाषेत अनुवादित होत नाहीत आणि यामागे सबळ कारण आहे : जगात कोठेही घडलेला दोष त्याच शब्दांत कळवला जावा आणि विकासकाला तो ओळखता यावा. म्हणून संदेशांच्या मराठीकरणाचा आग्रह धरणे योग्य होणार नाही.

अनुवाद हवा तो संदेशांमागील विचारपद्धतीचा. कर्नलच्या दस्तऐवजांत चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिश अनुवादांसाठी स्वतंत्र विभाग आहेत; मराठीसाठी नाही. येथे परिभाषेचा प्रश्न उभा राहील. 'सस्पेंड'साठी 'निलंबन' हा कोशातील शब्द घेतल्यास वाचकाच्या डोळ्यांसमोर कार्यालयातील कर्मचारी उभा राहतो. त्याऐवजी हलक्या प्रकाराला 'डुलकी', खोल प्रकाराला 'झोप' आणि हायबरनेशनला 'शीतनिद्रा' म्हटले, तर शब्दच अर्धे निदान करतो. डुलकी घेणाऱ्याला शेजारच्या खुडबुडीने विश्रांती मिळत नाही, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

समारोप

तिन्ही संहितांचा एकत्रित विचार करता पुढील गोष्टी स्पष्ट होतात. 'एसटूरॅम' वाचकाला धीर देते आणि कारण सांगते, पण इशारा उशिरा देते. 'बेसिक पीएम डीबगिंग' निदानाची शिस्त देते, पण साध्या झोपेला दुय्यम स्थान देते. 'सिस्टिम स्लीप स्टेट्स' नेमकेपणा देते, पण रुग्णाला तपासत नाही. दोषाचे रूप बदलले असताना या तिघींना जोडणारी चौथी संहिता आवश्यक आहे. तिच्यात इशारा आज्ञेच्या आधी यावा, न उठणे आणि न झोपणे हे दोन दोष आरंभीच वेगळे केले जावेत, आणि ज्याच्याजवळ एकच यंत्र आहे अशा वाचकाला गृहीत धरले जावे.

हा प्रश्न लेखनशैलीपुरता मर्यादित नाही. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याजवळ बहुधा एकच, तोही जुना लॅपटॉप असतो. तो झाकण मिटल्यावर उठत नाही, एवढ्या कारणाने निकामी ठरवला जातो, तेव्हा बिघाड बहुतेक वेळा एका ड्रायव्हरचा असतो आणि सहा फेऱ्यांत सापडण्यासारखा असतो. ते सांगणारी संहिता १५ वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. ती त्याच्या भाषेत आणि त्याच्या परिस्थितीला धरून लिहिली जाणे, हे तंत्रज्ञांइतकेच मराठीच्या अभ्यासकांचेही काम आहे.