उद्धट थोरलीची गोष्ट

शार्ल पेरोच्या १६९७ सालच्या संग्रहात दोन बहिणींची एक छोटीशी परीकथा आहे. पाणवठ्यावर भेटलेल्या म्हातारीला धाकटी अदबीनं पाणी पाजते. त्या दिवसापासून ती बोलली की तोंडातून फुलं आणि रत्नं पडू लागतात. थोरली फटकळ. तीच परी तिला उंची पोशाखातल्या बाईच्या रूपात भेटते, तेव्हा ती तिला उडवून लावते. मग थोरलीच्या तोंडून साप आणि बेडूक पडतात. धाकटीला राजपुत्र मिळतो, थोरली रानात मरते. ग्रिम बंधूंच्या होलेबाईच्या कथेतही आळशी मुलीच्या अंगावर डांबर ओतलं जातं आणि ते जन्मभर निघत नाही. जादू चांगल्या वागणुकीची चाकरी करते आणि प्रेम हे त्या वागणुकीचं बक्षीस असतं, असा या गोष्टींचा कायदा. हलक्याफुलक्या अद्भुत प्रेमकादंबऱ्या मी वाचते त्या या थोरलीसाठी. इंग्रजीत तिची गोष्ट गेली चाळीसेक वर्षं नव्यानं लिहिली जाते आहे. कधी ती फार सुंदर जमते, पण बहुतेकदा लेखक ऐनवेळी कच खातात.

मराठी वाचकाला न आवडणारी नायिका अनोळखी नाही. श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीत राजाच्या तीन सुना आवडत्या आणि एक नावडती आहे. उष्टं खाऊन आणि जाडंभरडं नेसून ती गोठ्यात दिवस काढते. पण तिच्या हातून कसलीच चूक झालेली नाही. ती नावडती आहे ती घरच्यांच्या आंधळेपणामुळे, आणि कहाणी संपेपर्यंत त्यांचे डोळे उघडतात. म्हणजे आत ती पेरोची धाकटीच आहे. मी ज्या नायिकेबद्दल लिहिते आहे, तिनं लोकांची नाराजी स्वतःच्या वागण्यानं ओढवून घेतलेली असते. वाचकालाही ती खुपते, आणि खुपायलाच हवी.

कादंबरीकार क्लेअर मेसूद यांना २०१३ मध्ये एका मुलाखतीत विचारलं गेलं की तुमच्या नायिकेशी तुम्हाला मैत्री करावीशी वाटेल का. त्या उसळल्या. हॅम्लेटपासून रास्कोलनिकोव्हपर्यंत पात्रांची यादी देऊन त्यांनी विचारलं, यांच्याशी मैत्री कोण करेल? गंभीर कादंबरीपुरतं हे उत्तर बिनतोड आहे. हलक्या प्रेमकादंबरीत मात्र ते पुरत नाही, कारण इथे वाचक सोबतीसाठीच येतो. स्कार्लेट ओ'हाराचा स्वार्थ आपण सोसतो, कारण तिच्याभोवती युद्ध आणि भूक आहे. जिथे सगळ्यात मोठं संकट थंडगार झोपडी किंवा न चालणारं टोप्यांचं दुकान असतं, तिथे नायिकेच्या तुसडेपणाला एवढी मोठी सबब सापडत नाही. शिवाय या प्रकारात शेवट गोड होणार हे आधीच ठरलेलं असतं. तिला प्रेम मिळणारच आहे. प्रेमाला पात्र ठरण्यासाठी तिला गोड व्हावं लागेल का, एवढीच उत्सुकता उरते.

म्हणून मी अशी कादंबरी हातात घेतली की एक साधी गोष्ट तपासते: नायिकेच्या जिभेनं कुणी निरपराध माणूस दुखावलं जातं का? जेन ऑस्टिननं १८१५ मध्ये एमाला बॉक्स हिलच्या सहलीत मिस बेट्सचा अपमान करायला लावलं. मिस बेट्स गरीब, बडबडी, कुणाचंही वाईट न चिंतणारी. ते वाक्य वाचताना आजही कानशिलं तापतात. एमावर प्रेम करणारा नाइटली तिला त्याबद्दल स्पष्ट शब्दांत सुनावतो, आणि तिचे दोष माहीत असूनच पुढे तिच्याशी लग्न करतो. ऑस्टिननं एमाला एकही सूट दिलेली नाही, म्हणूनच तिचा पश्चात्ताप खरा वाटतो.

आजच्या बाजारातल्या बहुतेक नायिका या परीक्षेत नापास होतात. सारा जे. मास यांच्या २०१५ पासूनच्या मालिकेनंतर आणि रेबेका यॅरोस यांच्या २०२३ मधल्या 'फोर्थ विंग'नंतर ज्या प्रकाराला 'रोमँटसी' म्हणतात त्याची लाट आली. तिच्यात तिखट जिभेच्या मुलींना तोटा नाही. पण ते तिखट बोल नेमके जुलमी राजे, कपटी सावत्र आया आणि उर्मट सरदार यांच्याच वाट्याला येतात. दुष्टांना टाकून बोलणारी मुलगी कुणाला आवडणार नाही? जपानी 'खलनायिका' कथांचंही तेच. सातोरु यामागुची यांच्या कातारिना क्लाएसला आठव्या वर्षी डोक्याला मार लागतो आणि गेल्या जन्मी खेळलेला व्हिडिओ गेम आठवतो. त्या खेळात आपण दुष्ट आहोत आणि आपला शेवट हद्दपारीत किंवा मृत्यूत होतो, हे तिला कळतं. मग ती हद्दपारीच्या तयारीसाठी भाजीपाला लावू लागते आणि भेटेल त्याचं मन जिंकत जाते. २०२० ची तिची ॲनिमे मालिका मी आनंदानं पाहिली. पण तिचा दुष्टपणा फक्त शीर्षकात आहे. माणूस म्हणून ती त्या सगळ्यांत प्रेमळ.

ऑलिव्हिया ॲटवॉटर यांची 'हाफ अ सोल' (२०२०) अधिक विचारी आहे, तरी तीही एक पळवाट ठेवते. लहानपणी एका परीलोकच्या सरदारानं डोराचा अर्धा आत्मा चोरला, म्हणून तिला भावना पुरत्या जाणवत नाहीत आणि ती चारचौघांत भलतंच बोलून जाते. तिच्या विचित्रपणाला शापाचं प्रमाणपत्र आहे. नायक एलायस वाइल्डर मात्र कुठल्याही शापाशिवाय मनसोक्त उद्धट वागतो, आणि आपण त्याला हजरजबाबी म्हणतो. हा पक्षपात एकट्या ॲटवॉटरचा नाही, तो या संपूर्ण प्रकारात मुरलेला आहे आणि मला तो सलतो.

डायना विन जोन्स यांच्या 'हाउल्स मूव्हिंग कॅसल'मध्ये (१९८६) शाप उलट दिशेनं काम करतो, आणि इथेच त्यांची प्रतिभा दिसते. सोफी हॅटर तीन बहिणींतली थोरली. थोरलीच्या नशिबी अपयशच, हा परीकथेचा नियम तिनं निमूट मान्य केला आहे. ती टोप्यांना झालरी लावत बसते. चेटकीण तिला म्हातारी करून टाकते आणि सोफीची जीभ सुटते. ती जादूगार हाउलच्या किल्ल्यात घुसते, न विचारता साफसफाई काढते, कोळ्यांचा पिच्छा पुरवते, दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसते आणि आपलंच बरोबर म्हणून अडून बसते. शापानं तिचा स्वभाव बिघडलेला नाही. दबलेला होता तो फक्त बाहेर आला. आणि तिची जादू कशात आहे? ती जे बोलते ते खरं होतं. टोपीला तिनं श्रीमंत नवरा मिळेल म्हटलं की ती टोपी घेणारीला तो मिळतो, काठीला दटावलं की काठीत जीव येतो. पेरोनं शिक्षा म्हणून थोरलीच्या तोंडी जे घातलं, तेच जोन्स तिच्या हाती शक्ती म्हणून देतात. मियाझाकींच्या २००४ च्या चित्रपटातली सोफी फार सोशिक आहे, तिथे युद्धानं बरीच जागा व्यापली आहे. चित्रपट देखणा आहे, पण सोफीला ओळखायचं तर पुस्तकच वाचावं लागतं. पुस्तकातला हाउल स्वतःच छानछोकी करणारा, पळपुटा. तो तिला पहिल्यापासून ओळखून आहे, आणि लग्नानंतरही हे दोघं भांडत राहणार याची वाचकाला खात्री पटते.

हेदर फॉसेट यांची एमिली वाइल्ड ही या परंपरेतली अलीकडची सर्वांत भरीव नायिका. 'एमिली वाइल्ड्स एन्सायक्लोपीडिया ऑफ फेरीज' (२०२३) ही तिची रोजनिशी आहे, तीही तळटिपांसकट. काळ १९०९ चा. केंब्रिजची ही प्राध्यापिका ल्योसलांड या कल्पित उत्तरेकडच्या देशातल्या ह्राफ्न्स्विक गावी पऱ्यांचा अभ्यास करायला येते. आल्याआल्या ती गावच्या प्रमुख बाईला, औदला, दुखावते आणि आपलं काय चुकलं हे तिला उमगतच नाही. औद मिस बेट्ससारखी दुबळी नाही, पण तिचा काही अपराधही नाही. माझी परीक्षा एमिली इथेच पास होते. गावकरी मदतीला येतात, ती मदत घेते आणि पुन्हा वहीत डोकं घालते. आणि हीच एमिली पऱ्यांपुढे काटेकोर सभ्य असते. कुठे नाव सांगायचं नाही, सौदा कसा करायचा, कुठे थांबायचं, हे सगळं तिला पाठ आहे. पो नावाच्या रानातल्या छोट्या जिवाशी ती जेवढ्या सबुरीनं वागते, तेवढी एकाही माणसाशी नाही. पेरोच्या पाणवठ्यावर हिला उभं करा: परीकडून ती रत्नं मिळवेल आणि घरी येऊन शेजारणीला तोडून बोलेल. परीकथेनं सौजन्याची आणि सद्गुणाची जी गाठ मारली होती ती फॉसेट इतक्या सहज सोडवतात की पहिल्या वाचनात लक्षातही येत नाही.

रोजनिशीचा घाटही नेमका निवडलेला आहे. एमिली जे लिहिते त्याहून तिनं जे लिहायचं टाळलं ते आपल्याला जास्त दिसतं. परीराज्यात ओढल्या गेलेल्या दोन तरुणींना सोडवायला ती निघते ते शास्त्रीय कुतूहल म्हणून, असं तिला वाटतं. तिचा सहकारी वेंडेल बॅम्बलबी मुळात परीलोकातला; आळशी, लाघवी आणि सर्वांचा लाडका. परीकथेत नायिकेला जे शोभलं असतं ते सगळं त्याच्याकडे आहे. तो मागणी घालतो तेव्हा एमिली लगेच होकार देत नाही. माणसांनी परीलोकात लग्न केल्याच्या कथा कशा संपतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? अभ्यासकाची ती सावध टाळाटाळ मला कुठल्याही चुंबनापेक्षा जास्त रोमँटिक वाटली.

पुढच्या भागांविषयी मात्र तक्रार आहे. दुसऱ्यात (२०२४) भाची आरियाडनी सोबत येते आणि तिच्याशी एमिलीचा तुटकपणा अजून धारदार आहे. तिसऱ्यात (२०२५) सिंहासन, राज्य आणि वेंडेलचा जीव यांचं ओझं एवढं वाढतं की एमिलीचा काटेरीपणा नुसती लकब होऊन बसतो. तिच्यामुळे दुखावलं जाईल असं कुणी जवळ उरतच नाही. सगळ्यांनी तिला समजून घेतलेलं असतं, आणि सगळ्यांनी समजून घेतलेली एमिली मला पहिल्या भागातल्या एमिलीपेक्षा कमी आवडते. औदच्या गावात ती आणखी एक हिवाळा राहिली असती तर मी आनंदानं वाचलं असतं.