रेव्हरंड नारायण शेषाद्री : जालन्यातील कार्य आणि वारशाचे मूल्यमापन

प्रास्ताविक :
एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती धर्मगुरूंमध्ये रेव्ह. नारायण शेषाद्री यांचे नाव प्रामुख्याने 1843 च्या वादाशी जोडले जाते. मुंबईतील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या ब्राह्मण तरुणाने त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन बंधू श्रीपती याला न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले. बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपतीच्या प्रायश्चित्ताचा व जातिप्रवेशाचा पक्ष घेतला. परिणामी इतिहासलेखनात श्रीपतीचे प्रकरण राहिले. नारायणरावांचे पुढील कार्य मात्र दुर्लक्षित झाले.

विवेचन :
अध्यापनानंतर 1854 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1860 च्या दशकात त्यांनी निजामाच्या राज्यातील जालना हे कार्यक्षेत्र निवडले. पंतप्रधान सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाल्यावर तेथे 'बेथेल' ही वसाहत उभी राहिली. मातंग व महार कुटुंबांना गावकुसाबाहेरील जिण्याऐवजी स्वतःचे गाव, शेती, शाळा आणि उपासनामंदिर लाभले. धर्मोपदेशाला जमिनीची जोड देणे, हे या कार्याचे वेगळेपण होय. 1873 मध्ये न्यूयॉर्क येथील ख्रिस्ती परिषदेतही त्यांनी भाषण केले. 1891 मध्ये त्यांचे निधन झाले.

तथापि या वारशाच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. वसाहतीचे नेतृत्व ब्राह्मण धर्मांतरिताकडे, आर्थिक आधार परदेशी मिशनकडे आणि जमीन राजसत्तेच्या कृपेची, अशी ही रचना होती. बेथेलची माहिती मुख्यतः मिशनच्या अहवालांतून मिळते. म्हणजे उद्धाराची कथा उद्धारकर्त्याच्याच बाजूने सांगितली जाते. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मातंग मुलगी स्वतः बोलते. रेव्ह. टिळकांच्या जीवनाला लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'ने घरातील साक्षीदार दिला. असे आतले दर्शन शेषाद्रींच्या चरित्राला लाभले नाही. त्यामुळे धर्मांतराने जातीचा जाच किती सुटला, हा कळीचा प्रश्न अहवालांच्या आधारे निकाली काढता येत नाही.

निष्कर्ष :
शेषाद्रींचे मूल्यमापन त्यांनी कोणता धर्म सोडला यावरून नव्हे, तर बेथेलमधील कुटुंबांच्या पुढील पिढ्यांना काय मिळाले यावरून व्हावयास हवे. जालना व बीड हे दोन्ही प्रदेश निजामी राजवटीचे भाग होते. म्हणून घाटनांदूरसारख्या गावातील महाविद्यालयांनी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने या कुटुंबांच्या आठवणी संकलित करणे, हे मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाचे अपुरे राहिलेले काम आहे.