अद्भुतास जुनाच काळ कां?

नारो सदाशिव रिसबूड यांच्या ‘मंजुघोषे’पासून (१८६८) मराठी अद्भुतकथा वारंवार जुन्या राजवाड्यांकडे कां वळते? केवळ वैभवाच्या लोभानें नव्हे, असें आम्हांस वाटतें. आगगाडी व तारायंत्र आल्यावर हरवलेला राजपुत्र फार काळ हरवलेला राहत नाहीं. कायद्याच्या राज्यांत एकाच्या शब्दानें दैव पालटत नाहीं. मध्ययुगांत लेखकास दोन्ही सोयी आयत्या लाभतात. परंतु कंधार, औसा, उदगीर येथील किल्ले नित्य पाहणाऱ्या नांदेड-लातूरकडील वाचकास एकाच्या शब्दावर चालणारें राज्य ही कविकल्पना नव्हती; सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटींत तो अनुभवच होता. म्हणून जिच्यांत राजपुत्र आहे पण खंदक खोदणारा नाहीं, त्या कथेचें अद्भुत आम्ही अपुरें मानतों.